जुने पासपोर्ट रद्दीत घालू नका

वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलियातून परतलेल्यांची पेन्शन

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो, वय ६४. २००१ साली कंपनीने वर्क व्हिसावर मेलबर्नला पाठवलं. मे २००३ मध्ये आम्हा तिघांचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा व्हिसा झाला, पुढे नागरिकत्वही घेतलं. मे २०१६ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी कायमचा परत आलो. मुलाची बारावी व्हायची होती म्हणून तो आणि पत्नी तिकडेच राहिले. पत्नी जानेवारी २०१८ मध्ये आली. तिने तिकडे नोकरी कधी केली नाही. आता एक एजंट म्हणतो, पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा आहे, मग पेन्शन ठरलेलीच, ४० हजार द्या, फॉर्म भरून देतो. मित्र म्हणतो, दोन वर्षं तिकडे जाऊन राहिल्याशिवाय दमडी मिळत नाही. खरं काय? पत्नीला तर काहीच मिळणार नाही ना? वाकडला एक फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि साताऱ्याकडे भावाभावांत सामाईक शेती आहे. तेही सांगावं लागतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भाऊ, सर्वांत आधी, त्या एजंटला पैसे देऊ नका. एज पेन्शनच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या म्हातारपणीच्या पेन्शनच्या अर्जाला फी नाही. आणि त्याने सांगितलेलं कारणही चूक आहे. ही पेन्शन पासपोर्टवर मिळत नाही, तिथे किती काळ घर करून राहिलात यावर मिळते. नागरिकत्व नसलेल्या पण कायम वास्तव्याचा व्हिसा असलेल्या माणसालाही ती मिळते, आणि नागरिक असूनही तिथे पुरेसा काळ न राहिलेल्याला मिळत नाही.

तुम्हाला मिळेल का? माझ्या मते मिळायला हवी, आणि तीसुद्धा पुण्यात बसून. पण आकडा तुमच्या मनात असेल त्यापेक्षा बराच लहान असेल. दोन्ही गोष्टी नीट सांगते.

तुमचा जन्म १९५७ नंतरचा, म्हणजे वयाची अट ६७. वास्तव्याची अट एकूण दहा वर्षांची, आणि त्यातली किमान पाच सलग. ही वर्षं मोजायची ती पीआर मिळाल्याच्या तारखेपासून. २००१ ते २००३ ही वर्क व्हिसावरची दोन वर्षं यात येत नाहीत. एजंट तुम्हाला पंधरा वर्षं मोजून दाखवील, पण तुमची वर्षं तेरा आहेत. दहाच्या वर आहेत म्हणून तुम्ही उंबरठा ओलांडला आहे.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ कायद्यात अशी अट आहे की अर्ज करण्याच्या दिवशी माणूस तिथला रहिवासी असला पाहिजे आणि प्रत्यक्ष तिथे हजर असला पाहिजे. बाहेर राहून आलेला माणूस पुन्हा तिथे राहायला गेला, त्याला पेन्शन लागली आणि तो परत आल्यापासून दोन वर्षांच्या आत देशाबाहेर निघाला, तर निघाल्या दिवसापासून ती थांबते. मित्राने ऐकलेली दोन वर्षं ती हीच.

पण भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. असे करार ऑस्ट्रेलियाने ग्रीस, इटली, जर्मनी, न्यूझीलंड, जपान अशा तीसेक देशांशी केले आहेत. आपल्या करारामुळे भारतात राहणाऱ्या माणसाला भारतातूनच अर्ज करता येतो. इथे आपल्या बाजूने हे काम भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, म्हणजे आपल्या पीएफ ऑफिसच्या संघटनेकडे आहे. तिकडच्या बाजूने सेंटरलिंकचा, म्हणजे सरकारी पेन्शन आणि भत्ते देणाऱ्या यंत्रणेचा आंतरराष्ट्रीय विभाग आहे, तो टास्मानियात होबार्टला. करार लागू होण्याआधी परतलेल्या कित्येकांना हे ठाऊकच नाही. म्हातारपणी विमानाचं तिकीट काढून लोक तिकडे धावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या ओळखीचे एक काका असेच गेले होते. लेकाकडे तीन आठवडे राहिले आणि त्याच्याच पत्त्यावरून ऑनलाइन अर्ज केला. नामंजूर झाला. रहिवासी कोण हे ठरवताना तिथले अधिकारी राहण्याची जागा कशी आहे, घरची माणसं कुठे आहेत, कामधंदा कुठे, मालमत्ता कुठे, जाणं-येणं किती हे सगळं पाहतात. काकांचं घर सांगलीत, काकू सांगलीत, परतीचं तिकीट खिशात. हाच अर्ज त्यांनी सांगलीतून कराराखाली केला असता तर चाललं असतं. एज पेन्शन मागच्या तारखेपासून देत नाहीत, त्यामुळे मधले महिने बुडाले ते बुडालेच.

आता रकमेकडे येऊ. इथे शांतपणे वाचा.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला दहा वर्षं भरली की पूर्ण दर मिळतो, अर्थात उत्पन्न आणि मालमत्ता मर्यादेत असेल तर. देशाबाहेर २६ आठवड्यांहून जास्त राहणाऱ्याला मात्र पूर्ण दरासाठी ३५ वर्षं लागतात. २०१४ च्या जुलैपूर्वी २५ पुरत होती. ३५ वर्षं म्हणजे ४२० महिने. वयाच्या १६ पासून पेन्शनच्या वयापर्यंत तुम्ही तिथे जितके महिने रहिवासी होतात, त्यांना ४२० ने भागायचं. तुमचे मे २००३ ते मे २०१६ म्हणजे १५६ महिने. पूर्ण रकमेचा ३७ टक्क्यांच्या आसपास हिस्सा.

२० सप्टेंबर २०२५ पासून जोडप्यातल्या प्रत्येकाचा कमाल दर पंधरवड्याला ८८८.५० डॉलर होता. दर मार्च आणि सप्टेंबरच्या २० तारखेला हे आकडे बदलतात. त्याचे ३७ टक्के म्हणजे ३३०. पण त्या ८८८ मध्ये पूरक रकमाही धरल्या आहेत, आणि सहा आठवड्यांहून जास्त बाहेर राहिलं की एक पूरक रक्कम खाली येते आणि एनर्जी सप्लिमेंट बंद होतो. म्हणून ३३० च्या आतच धरा. परदेशात पैसे चार आठवड्यांनी एकदा जमा होतात. ५८ रुपयांचा डॉलर धरला तर दर खेपेला ३८ हजारांच्या आत. औषधं, वीज, किराणा आणि सोसायटीचा मेंटेनन्स निघेल एवढे आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी घराचं कर्ज काढू नये.

आणि वहिनींचं. ‘तिने नोकरी केली नाही’ हे वाक्य मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मन दुखतं. हा हिशेब नोकरीचा नाहीच. कायद्यात त्याला ‘वर्किंग लाइफ रेसिडेन्स’ म्हणतात, त्या नावामुळे घोळ होतो. प्रत्यक्षात मोजलं जातं ते कामाच्या वयातलं राहणं. पगार घेतला की पोळ्या लाटल्या, कोणी विचारत नाही. वहिनी मे २००३ पासून जानेवारी २०१८ पर्यंत तिथे होत्या, म्हणजे १७६ महिने. १७६ भागिले ४२०, जवळजवळ ४२ टक्के. तुमच्यापेक्षा जास्त, भाऊ. मुलाच्या बारावीसाठी त्या एकट्याने तिकडे राहिल्या, ते वीस महिने त्यांच्याच नावावर आहेत. त्यांचं वय ६७ झालं की त्यांचा वेगळा अर्ज, त्यांच्या स्वतःच्या सहीने.

वाकड आणि शेती. हो, सांगावं लागतं. मालमत्ता जगात कुठेही असली तरी धरतात. तुम्ही राहता ते सिंहगड रोडचं घर धरत नाहीत. वाकडचा फ्लॅट बाजारभावाने धरतात, त्याचं भाडं उत्पन्नात धरतात. सामाईक शेतीतला तुमचा हिस्सा धरतात. बँकेतल्या ठेवी, तिकडे राहिलेलं सुपर (नोकरीतला निवृत्तिनिधी), दागिने, गाडी, सगळं. पण घाबरू नका. स्वतःचं घर असलेल्या जोडप्याला जुलै २०२५ पासून दोघांची मिळून ४,८१,५०० डॉलरपर्यंतची मालमत्ता असली तरी पूर्ण दराला धक्का लागत नाही. त्याच्या वर दर हजार डॉलरला दोघांत मिळून पंधरवड्याला तीन डॉलर कमी होत जातात. वाकडचा फ्लॅट ९० लाखांचा धरला तर दीड लाख डॉलरच्या थोडा वर जातो. आधी हा हिशेब होतो, मग महिन्यांचा. अर्ज फक्त तुमचा असला तरी मालमत्ता दोघांची बघतात.

एक कळकळीची विनंती. कोणी सांगेल, फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाका, मग दिसणारच नाही. दिसतो. वर्षाला १० हजार डॉलर आणि पाच वर्षांत मिळून ३० हजार, एवढंच देणं ते माफ करतात. त्यावरचं दिलेलं पाच वर्षं तुमच्याच नावावर धरतात. म्हणजे फ्लॅटही गेला आणि पेन्शनही वाढली नाही.

६७ च्या आधी जास्तीत जास्त १३ आठवडे अर्ज करता येतो. तोवर तुमच्याकडे तीनेक वर्षं आहेत. त्या काळात पुन्हा तिकडे जाऊन खरोखरच राहायचं मनात असेल, मुलाजवळ वगैरे, तर ते महिने तुमच्या १५६ मध्ये मिळवले जातात. ६७ नंतरचे मिळत नाहीत. नुसत्या टक्क्यांसाठी मात्र उठून जाऊ नका. एक अख्खं वर्ष राहिलात तर तीन टक्केही वाढत नाहीत, आणि तिकडच्या घरभाड्यात ते केव्हाच बुडतील.

खरं काम आजपासून करायचं ते कागदांचं. यात मी स्वतः अडकले होते, म्हणून सांगते.

आम्ही मार्च १९९६ मध्ये मेलबर्नला गेलो, पहिल्या दिवसापासून पीआरवर. मी ग्लेन वेव्हर्लीजवळ एका बालसंगोपन केंद्रात काम केलं. मार्च २०२४ मध्ये ६७ पूर्ण झाली, अर्ज मंजूर झाला आणि मग आम्ही नाशिकला परतलो. २८ वर्षं, ३३६ महिने, ८० टक्के. कागदावर सरळ दिसतं. पण २००९ मध्ये सासूबाई आजारी होत्या आणि मी अकरा महिने नाशिकला होते. पत्र आलं, या काळात तुम्ही रहिवासी होता हे दाखवा. अकरा महिने गेले असते तर ३२५ राहिले असते, म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त कमी, आणि तेही जन्मभर.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर चार पासपोर्ट पसरले. सर्वांत जुन्याचा कोपरा कापलेला, पानं केळीच्या वाळक्या सोपटासारखी झालेली. मुंबई विमानतळाचे शिक्के इतके पुसट की भिंग घेऊन, दिवा तिरपा धरून वाचावे लागले. एकावर तर शिक्क्यावरच शिक्का, ३ आहे की ८ कळेना. नंतरच्या पासपोर्टात तर तिकडचे शिक्केच नाहीत, कारण स्मार्टगेटच्या यंत्रातून आत गेलं की शिक्का मारत नाहीत. ह्यांनी वाण्याच्या हिशेबाच्या वहीत दोन रकाने आखले, ‘गेलो’ आणि ‘आलो’, आणि मी एकेक तारीख वाचत गेले. पहाटेचे दोन वाजले. त्या वर्षी हे आणि दोन्ही मुली मेलबर्नलाच होते, घर आमच्याच नावावर, कौन्सिलची घरपट्टी भरलेली, माझी नोकरी बिनपगारी रजेवर, परतीचं तिकीट काढलेलं. त्याचे सगळे कागद जोडले आणि त्यांनी अकरा महिने मान्य केले. त्यातला सर्वांत जुना पासपोर्ट मी २०१५ च्या दिवाळीत रद्दीच्या पिशवीत टाकला होता. धाकट्या मुलीने त्यातला माझा तरुणपणीचा फोटो आवडला म्हणून काढून ठेवला. तेवढ्यावर निभावलं.

तेव्हा भाऊ, तुमचे दोघांचे सगळे पासपोर्ट, पीआर मंजुरीचं पत्र, तिकडच्या कराच्या नोटिसा, घरभाड्याचे करार आणि मुलाच्या शाळेचे दाखले एका फाइलमध्ये ठेवा. वहिनींचे जास्त जपा. तुमच्या राहण्याचा पुरावा पगारपत्रकं देतील. त्यांचा पुरावा शाळेच्या पालकसभेची पत्रं, लायब्ररीचं कार्ड, डॉक्टरांची बिलं अशा बारीकसारीक कागदांतून उभा करावा लागेल. पासपोर्ट हरवला असेल तर ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याकडे अर्ज करून येण्याजाण्याच्या तारखांची नोंद मागवता येते. तीही आताच मागवा, ६७ व्या वर्षी नको. आणि तिकडचा मोबाइल नंबर मायगव्ह या सरकारी ऑनलाइन खात्याला जोडलेला असेल तर सिम बंद पडायच्या आत कोड मिळण्याची दुसरी सोय करून घ्या. माझ्या नणंदेचं सिम बंद पडलं आणि स्वतःच्याच खात्यात शिरायला तिला दीड महिना लागला.

प्रश्न : नागपूरहून लिहितो. मी ऑस्ट्रेलियात पीआरवर फक्त सात वर्षं राहिलो. त्याआधी आणि नंतर मिळून १९ वर्षं भारतात खासगी कंपनीत नोकरी केली, पीएफ कापला जात होता. सातच वर्षं म्हटल्यावर विषय संपला का?

उत्तर : संपला नाही. करार खरा उपयोगी पडतो तो तुमच्यासारख्यांना. इथे पीएफ योजनेत सभासद असलेला काळ ऑस्ट्रेलियातल्या वर्षांत मिळवून दहाची अट पुरी करता येते. मात्र ती वर्षं फक्त दार उघडायला कामी येतात. ताटात पडतं ते सात वर्षांचंच, म्हणजे ८४ महिने, पूर्ण दराचा पाचवा हिस्सा. आणि इथली पीएफसोबतची ईपीएसची पेन्शन चालू असेल तर ती उत्पन्न म्हणून सांगावी लागते. तुमचे जुने पीएफ क्रमांक एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या एकाच कायम क्रमांकाखाली आणले नसतील तर ते काम आधी उरका. जुन्या कंपनीत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर तेही दुरुस्त करून घ्या, नाहीतर तिथेच वर्ष जाईल.

प्रश्न : काकू, मी ठाण्याची, आता सिडनीत. आईबाबा २०१४ च्या जूनमध्ये पेरेंट व्हिसावर कायमचे इकडे आले. तेव्हा आई ६४ ची होती, बाबा ६८ चे. दहा वर्षं झाल्यावर दोघांना पेन्शन लागली. आता बाबा म्हणतात, मला ठाण्याला जाऊन राहायचं आहे, पेन्शन तिकडे येईलच. येईल का?

उत्तर : अगं, हे लिहिताना मला जड जातंय. सहा महिने येत राहील. २६ आठवड्यांनंतर तो ४२० महिन्यांचा हिशेब लागेल, आणि त्यात पेन्शनच्या वयानंतरचं राहणं मोजत नाहीत. आईच्या वयाच्या लोकांसाठी ते वय ६५ होतं, म्हणून तिचे धरले जातात फार तर १२ महिने. ४२० पैकी १२, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. बाबा आले तेव्हाच ६८ चे, त्यांच्या स्वतःच्या खात्यात एकही महिना नाही. बारा वर्षांत त्यांनी तुझी मुलं सांभाळली, शाळेत नेली-आणली, पण या रकान्यात त्याला जागा नाही. मला हा नियम आजीआजोबांवर अन्याय करणारा वाटतो आणि मी तसं तिथल्या खासदारांना पत्रातून कळवलंही होतं.

करता येण्यासारखं एवढंच की दरवर्षी २६ आठवड्यांच्या आत परत यायचं. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत ठाणे, मग सिडनी. तेवढ्या काळात महिन्यांचा हिशेब लागत नाही, फक्त त्या पूरक रकमा कमी होतात. मात्र घर सिडनीतच आहे असं खरोखर असलं पाहिजे. जाताना सेंटरलिंकला तारखा कळवा आणि व्हिसाची परतीची मुदत तपासा. बाबांना हे फोनवर सांगू नकोस. जवळ बसून, आकडे कागदावर लिहून दाखव. त्यांचा ठाण्याला जायचा हट्ट पेन्शनपेक्षा मोठा असेल, तर त्याप्रमाणे घरातल्या पैशांची सोय लावा, पण त्यांना अंधारात ठेवून नाही.

प्रश्न : नमस्कार काकू. कोल्हापूर. मी २०१५ ते २०१९ पर्थमध्ये ४५७ व्हिसावर होतो. चार वर्षांची पेन्शन मिळते का?

उत्तर : नाही रे. तात्पुरत्या व्हिसाचा काळ या मोजणीत नाही. पण तुझं सुपर काढलंस का? मालकाने पगाराच्या वर भरलेली ती रक्कम तुझी आहे. व्हिसा संपून देश सोडल्यावर ती मागता येते, त्यातून बहुतेक रकमेवर ३५ टक्के कर कापतात. सहा महिन्यांत मागितली नाही तर फंड ती तिकडच्या कर खात्याकडे जमा करतो, तिथूनही ती मिळते. अर्ज ऑनलाइन आहे. टॅक्स फाइल नंबर आणि त्या वेळचा पासपोर्ट शोधून काढ, याच रविवारी.